पोटात औषध बनवणारं यीस्ट: प्रयोगशाळेतली कृती

प्रथिनांची औषधं बहुतेक वेळा सुईनंच द्यावी लागतात. तोंडानं दिली, तर जठरातलं पेप्सिन आणि लहान आतड्यातलं ट्रिप्सिन अन्नातल्या प्रथिनांसारखेच त्यांचेही तुकडे करतात. यावर एक सरळ तोड आहे. प्रथिन गिळायचंच नाही. ते बनवणारी जिवंत पेशी गिळायची आणि आतड्यात पोहोचल्यावर तिनं ते तिथेच तयार करायचं.

या कामासाठी सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट फार सोयीचं आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ आँरी बुलार यांनी १९२०च्या दशकात इंडोचायनात ते वेगळं केलं. पटकीच्या साथीत तिथले लोक लिची आणि मँगोस्टीनच्या साली वापरत असल्याचं त्यांच्या पाहण्यात आलं होतं. आज जुलाबावर औषधाच्या दुकानात यीस्टचं जे पाकीट मिळतं, त्यात हेच यीस्ट असतं. ते ३७ अंश सेल्सिअसला चांगलं वाढतं, आम्ल आणि पित्त बऱ्यापैकी सोसतं आणि घेणं थांबवलं की काही दिवसांत शरीरातून निघून जातं. शिवाय ते यीस्ट असल्यामुळे जिवाणूंवरच्या अँटिबायोटिकनं मरत नाही.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या मेरीलँड विद्यापीठातल्या गटानं २०२० साली याच यीस्टमध्ये क्लोस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जिवाणूच्या दोन्ही विषांना निकामी करणारी अँटिबॉडी बसवली आणि उंदरांना संरक्षण मिळतं हे दाखवलं. २०२१ साली बॉस्टनच्या गटानं आतड्याच्या दाहावर उपाय म्हणून आणखी पुढचं यीस्ट तयार केलं. दाह झालेल्या ठिकाणी पेशींबाहेर एटीपी साचतं. ते ओळखून हे यीस्ट त्याच प्रमाणात एटीपी मोडणारं एन्झाइम सोडतं.

खालची कृती एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या मार्गदर्शकांसाठी लिहिली आहे. ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच करायची आहे, घरी किंवा शाळेत नाही. यीस्टच्या पेशीत जनुक घालणं आता अवघड राहिलेलं नाही. त्या जनुकाचं प्रथिन आतड्यात पुरेसं आणि कामाचं तयार होतं, हे सिद्ध करणं अवघड आहे. म्हणून निम्म्या पायऱ्या पडताळणीच्या आहेत आणि त्यातली एकही गाळता येत नाही.

साहित्य

यीस्ट: सॅकरोमायसिस बुलार्डीचा नोंदणीकृत वाण. अमेरिकेच्या एटीसीसी संग्रहातला एमवायए-७९६ हा वाण बऱ्याच प्रयोगशाळा वापरतात. दुकानातलं पाकीट संशोधनासाठी घेऊ नका. वाणाचा इतिहास कागदावर असायला हवा.

वायपीडी माध्यम, १ लिटर: यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २० ग्रॅम, डेक्स्ट्रोज २० ग्रॅम. प्लेटसाठी अगार २० ग्रॅम. १२१ अंशांवर १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा.

निवडीसाठी: युरासिल नसलेलं कृत्रिम माध्यम आणि ५-फ्लोरो-ओरोटिक आम्ल.

डीएनए आत घालण्यासाठी: ५० टक्के पॉलिएथिलीन ग्लायकॉल ३३५०, १ मोलर लिथियम ॲसिटेट, सॅमन माशाचा वाहक डीएनए २ मिलिग्रॅम प्रति मिली.

उपकरणं: शेकर, सेंट्रिफ्यूज, ४२ अंशांचा वॉटर बाथ, पीसीआर यंत्र, पेशी मोजण्याची काच, जेल आणि ब्लॉटची सामग्री, ऑक्सिजनविरहित बरणी, उणे ८० अंशांचा फ्रीजर.

पायरी १: आधी परवानगी

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय डीएनएची ऑर्डर देऊ नका. भारतात जनुकबदल केलेल्या सूक्ष्मजीवांचं काम पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९च्या नियमांत बसतं आणि जैवतंत्रज्ञान विभागानं २०१७ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे चालतं. कोणता प्रयोग समितीला कळवून सुरू करता येतो आणि कोणत्याला वरच्या पातळीची मंजुरी लागते, हे प्रयोगाच्या जोखमीच्या वर्गावर ठरतं. अर्जात यजमान पेशी, घालायचं जनुक, निवडीची खूण आणि कचऱ्याची विल्हेवाट या चारही गोष्टी स्पष्ट लिहा.

पायरी २: प्रथिन निवडा

इथे घेतलेला निर्णय पुढचं सगळं ठरवतो. चार प्रश्न विचारा.

पहिला: या प्रथिनाचं काम आतड्याच्या पोकळीतच आहे का? यीस्टनं आतड्यात सोडलेलं मोठं प्रथिन आपोआप रक्तात शिरत नाही. म्हणून या वाटेनं मधुमेहावर इन्सुलिन देण्याची कल्पना इथेच अडते. जिवाणूंची विषं, आतड्याच्या अस्तरावरचा दाह, पोकळीतलं एखादं नको असलेलं रसायन ही या पद्धतीची योग्य लक्ष्यं आहेत.

दुसरा: प्रथिन एकाच साखळीचं आणि लहान आहे का? या दृष्टीनं नॅनोबॉडी उत्तम. उंट, लामा यांच्या कुळातल्या प्राण्यांत हलकी साखळी नसलेल्या अँटिबॉडी असतात, हे ब्रसेल्सच्या गटानं १९९३ साली जाहीर केलं. अशा अँटिबॉडीचा लक्ष्याला चिकटणारा एवढाच भाग म्हणजे नॅनोबॉडी; तो साधारण १५ किलोडाल्टनचा भरतो. तो टिकाऊ असतो आणि यीस्ट तो सहज बनवतं.

तिसरा: प्रथिनाच्या क्रमात ॲस्पॅराजिन, त्यानंतर प्रोलीन सोडून कोणतंही अमिनो आम्ल, आणि मग सेरिन किंवा थ्रिओनिन असा तिकडा येतो का? तिथे यीस्ट मॅनोज साखरेची लांब शेपटी जोडू शकतं आणि प्रथिनाचं काम बिघडू शकतं.

चौथा: क्रमाच्या मध्ये लायसिन-आर्जिनिन ही जोडी आहे का? असेल तर यीस्टचं केक्स-२ हे एन्झाइम प्रथिन तिथेच कापण्याचा धोका आहे.

पहिल्यांदाच हे काम करत असाल, तर औषधी प्रथिनाआधी हिरवं चमकणारं जीएफपी पेशीच्या आत तयार करून घ्या. हात बसतो, आणि पुढे काही अडलं तर दोष डीएनए आत घालण्यात आहे की प्रथिनात, हे लगेच कळतं.

पायरी ३: जनुकाची कॅसेट आखा

क्रम असा ठेवा: प्रमोटर, स्रावाची खूण, प्रथिनाचं जनुक, ओळखीची शेपटी, टर्मिनेटर.

प्रमोटर म्हणून टीडीएच-३ किंवा टीईएफ-१ घ्या. दोन्ही जोरदार आहेत आणि सतत चालू राहतात. गॅलॅक्टोजवर चालणारे प्रमोटर प्रयोगशाळेतल्या साध्या यीस्टमध्ये लोकप्रिय आहेत, पण बुलार्डी गॅलॅक्टोजवर नीट वाढत नाही. ते इथे टाळा.

प्रथिन पेशीबाहेर जायला हवं असेल, तर स्रावाची खूण म्हणून यीस्टच्याच अल्फा फॅक्टर या प्रथिनाची सुरुवातीची साखळी पुढे जोडा. ती नव्या प्रथिनाला स्रावाच्या मार्गावर नेते आणि शेवटी केक्स-२ तिला कापून वेगळं करतं. टर्मिनेटर सीवायसी-१ चालेल. ओळखीसाठी सहा हिस्टिडिनची शेपटी पुरते. तपासण्या संपल्यावर अंतिम वाणात ती काढून टाका.

जनुकाचे कोडॉन यीस्टच्या सवयीप्रमाणे बदलून घ्या. कॅसेटच्या दोन्ही टोकांना गुणसूत्रावरच्या निवडलेल्या जागेशी जुळणारे ३०० ते ५०० बेसचे तुकडे जोडा.

कॅसेट गुणसूत्रातच बसवा, प्लाझ्मिडवर ठेवू नका. प्रयोगशाळेत निवडीचं माध्यम असतं म्हणून यीस्ट प्लाझ्मिड धरून ठेवतं. आतड्यात तसा कोणताही दाब नसतो आणि थोड्याच पिढ्यांत प्लाझ्मिड गळून जातं.

पायरी ४: अँटिबायोटिकरोध न ठेवणारा वाण तयार करा

माणसाच्या पोटात जायच्या पेशीत औषधरोधाचं जनुक ठेवणं योग्य नाही. त्याऐवजी यूआरए-३ या जनुकाचा आधार घ्या. ते नसलं की यीस्टला बाहेरून युरासिल द्यावं लागतं.

बुलार्डी द्विगुणित आहे, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती. दोन्ही एकाच वेळी काढायला क्रिस्पर-कॅस-९ वापरा. मार्गदर्शक आरएनएचा जुळणारा भाग २० बेसचा असतो आणि डीएनएवर त्याच्या लगेच पुढे एनजीजी हा क्रम असावा लागतो. हे तात्पुरतं प्लाझ्मिड जी-४१८ या औषधाच्या निवडीवर ठेवता येतं. काम झालं की औषधाविना काही पिढ्या वाढवून ते गळू द्या.

यूआरए-३ गेलेल्या पेशी वेगळ्या काढायला प्रति लिटर १ ग्रॅम ५-फ्लोरो-ओरोटिक आम्ल आणि सोबत युरासिल असलेली प्लेट वापरा. यूआरए-३ शाबूत असलेली पेशी या आम्लाचं विषात रूपांतर करते आणि मरते. उगवलेल्या कॉलन्या युरासिल नसलेल्या प्लेटवर लावून पाहा. तिथे त्या वाढता कामा नयेत.

पुढे औषधी कॅसेटबरोबरच शाबूत यूआरए-३ आत घालायचं. मग युरासिल नसलेल्या प्लेटवर जे उगवेल, त्यात कॅसेट असण्याची शक्यता मोठी.

पायरी ५: डीएनए आत घाला

कॅनडातले डॅनियल गीट्झ आणि सहकाऱ्यांनी घडवलेली लिथियम ॲसिटेटची पद्धत इथे आधाराला घ्या.

१. एका कॉलनीपासून रात्रभर ३० अंशांवर शेकरवर यीस्ट वाढवा.

२. सकाळी पेशी मोजा. दुप्पट तीव्रतेच्या ५० मिली वायपीडीत मिलीला ५० लाख पेशी येतील इतकं यीस्ट घाला.

३. मिलीला २ कोटी पेशी होईपर्यंत वाढवा. त्याला साधारण चार तास लागतात. पेशी दोनदा दुप्पट व्हायलाच हव्यात. वाढीच्या ऐन भरातल्या पेशीच डीएनए चांगला घेतात.

४. ३००० जी वेगानं ५ मिनिटं फिरवा, निर्जंतुक पाण्यानं धुवा, १ मिली पाण्यात कालवा आणि १०० मायक्रोलिटरप्रमाणे नळ्यांत वाटा. प्रत्येक नळीत सुमारे १० कोटी पेशी येतात. पुन्हा फिरवून वरचं पाणी काढून टाका.

५. वाहक डीएनए ५ मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून लगेच बर्फात घाला.

६. प्रत्येक नळीत याच क्रमानं घाला: पॉलिएथिलीन ग्लायकॉल २४० मायक्रोलिटर, लिथियम ॲसिटेट ३६, वाहक डीएनए ५०, तुमचा डीएनए आणि पाणी मिळून ३४. एकूण ३६० मायक्रोलिटर. ग्लायकॉल आधी घालायचं कारण तीव्र लिथियमपासून ते पेशींना वाचवतं.

७. जोरात हलवून पेशी एकजीव करा. ४२ अंशांवर ४० मिनिटं ठेवा. वाणागणिक ही वेळ कमीजास्त लागते. सुरुवातीला २०, ४० आणि ६० मिनिटं अशा तीन नळ्या लावून आपल्या वाणाची वेळ ठरवा.

८. फिरवून द्रव काढा, १ मिली पाण्यात हलक्या हातानं कालवा आणि युरासिल नसलेल्या प्लेटवर पसरा. कॉलन्या दिसायला तीन-चार दिवस द्या.

दोन नळ्या नेहमी जास्तीच्या लावा. एक डीएनए नसलेली: तिच्या प्लेटवर काही उगवलं, तर तुमच्या निवडीत गळती आहे. दुसरी खात्रीच्या प्लाझ्मिडची: तिच्यावर काहीच उगवलं नाही, तर पेशी किंवा द्रावणं खराब आहेत. ग्लायकॉलच्या बाटलीचं झाकण घट्ट ठेवा. पाणी उडून तीव्रता वाढली, तर कॉलन्यांची संख्या झपाट्यानं घटते.

पायरी ६: कॅसेट योग्य जागी बसली का

किमान दहा कॉलन्या उचला. दोन पीसीआर करा. एकात एक प्रायमर कॅसेटच्या आतला आणि दुसरा जुळणाऱ्या तुकड्याच्या बाहेरचा, गुणसूत्रावरचा असावा. दुसऱ्यात दोन्ही प्रायमर बाहेरचे असावेत. दुसऱ्या पीसीआरमध्ये मूळ आकाराची पट्टी अजून दिसत असेल, तर एक प्रत बदललेली नाही. दोन्ही प्रती बदललेल्या दोन-तीन कॉलन्यांचा पूर्ण क्रम वाचून घ्या.

लगेच त्यांचा साठा करा. १५ ते २५ टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर. घरात विरजणाची वाटी दही संपण्याआधीच बाजूला काढतात, तसा हा साठा पहिल्याच दिवशी काढायचा, आणि पुढचा प्रत्येक प्रयोग त्याच साठ्यापासून सुरू करायचा.

पायरी ७: प्रथिन बाहेर येतं का, आणि काम करतं का

३७ अंशांवर वाढवा. माध्यमात बफर घालून सामू ६ ते ६.५ ठेवा. यीस्ट आपलं माध्यम लवकर आंबट करतं आणि त्या आंबटपणात प्रथिन मोडू शकतं. पेशी फिरवून खाली बसवा, वरचा द्रव ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा.

वेस्टर्न ब्लॉटवर दोन गोष्टी पाहा: पट्टी अपेक्षित वजनाची आहे का, आणि ती गाळलेल्या द्रवात आहे की पेशींच्या अर्कात. पेशीतच अडकली असेल, तर स्रावाची खूण किंवा प्रथिनाची घडी तपासा. पट्टी वर सरकून पसरली असेल, तर साखर जोडली जाते आहे.

ब्लॉटवर पट्टी दिसली म्हणजे औषध तयार झालं असं नाही. एलायझा लावून प्रथिन लक्ष्याला चिकटतं का आणि मिलीत किती आहे ते मोजा. मग कामाची चाचणी घ्या. विषरोधक नॅनोबॉडी असेल, तर विषामुळे गोल होणाऱ्या पेशी गाळलेल्या द्रवामुळे वाचतात का ते पाहा. एन्झाइम असेल, तर ते आपला पदार्थ किती वेगानं मोडतं ते मोजा. प्रत्येक वेळी सोबत रिकाम्या कॅसेटचं यीस्ट हवं. मूळ बुलार्डीलाही स्वतःचे गुण आहेत. ते वजा केल्याशिवाय तुमच्या प्रथिनाचं श्रेय ठरवता येत नाही.

पायरी ८: कृत्रिम पोट

बऱ्याच चांगल्या कामांची खरी परीक्षा इथे होते.

जठररस, १ लिटर: मीठ २ ग्रॅम, पेप्सिन ३.२ ग्रॅम, तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ७ मिली. सामू सुमारे १.२. ही उपाशी पोटाची कठोर स्थिती झाली. जेवलेल्या पोटासाठी सामू ३ ठेवून दोन तास, मग सामू ७ वर पॅनक्रिएटिन आणि पित्तक्षारांसह आणखी दोन तास ठेवा.

०, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी नमुने घेऊन पातळ करा, प्लेटवर पसरा आणि जिवंत पेशी मोजा. उरलेल्या पेशी ताज्या माध्यमात घालून त्या पुन्हा प्रथिन सोडतात का ते पाहा. प्रथिनालाही ट्रिप्सिनमध्ये ठेवून त्याचं आयुष्य मोजा. पेशी जगली, पण तिनं सोडलेलं प्रथिन पाच मिनिटांत मोडलं, तर पायरी २ कडे परत जा.

मोठ्या आतड्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, म्हणून हीच मोजणी ऑक्सिजनविरहित बरणीतही करा. हवेशिवाय यीस्टला एर्गोस्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्लं स्वतः बनवता येत नाहीत. माध्यमात एर्गोस्टेरॉल आणि ट्वीन-८० घाला. शेकरवर मिळालेला आकडा आणि बरणीतला आकडा यांत मोठी तफावत आली, तर अहवालात बरणीतला आकडा पुढे ठेवा. रुग्णाच्या आतड्याच्या जवळचा तोच आहे.

पायरी ९: वाण टिकतो का

निवडीशिवाय वायपीडीत ५० पिढ्या वाढवा. मग १०० कॉलन्या तपासा आणि किती कॉलन्या अजून प्रथिन बनवतात ते नोंदवा. बदललेल्या आणि मूळ यीस्टचा वाढीचा वेग शेजारी ठेवून पाहा. फार मंदावला असेल, तर प्रथिनाचा भार पेशीला झेपत नाही. थोडा सौम्य प्रमोटर वापरा.

सुकवून ठेवायचं असेल, तर ट्रेहालोजसारखी संरक्षक साखर घालून थंडीत सुकवा. सुकवण्यापूर्वी, नंतर आणि महिन्या-महिन्यानं जिवंत पेशी मोजा.

पायरी १०: प्राणी आणि पुढे

उंदरांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची वेगळी मंजुरी लागते. गट किमान तीन ठेवा: बदललेलं यीस्ट, रिकाम्या कॅसेटचं यीस्ट, फक्त द्रावण. विष्ठेतल्या पेशी मोजताना प्लेटमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल घाला, म्हणजे जिवाणू थांबतात आणि यीस्ट मोजता येतं. देणं थांबवल्यावर यीस्ट किती दिवसांत नाहीसं होतं, आणि रक्तात, यकृतात ते कुठे सापडतं का, हेही तपासा. बुलार्डी सुरक्षित मानलं जात असलं, तरी मोठ्या शिरेत नळी घातलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांत ते रक्तात पसरल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. याच कारणासाठी बुरशीवरच्या औषधांना रोध देणारं जनुक या यीस्टमध्ये कधीही घालू नये.

पर्यावरणाचा विचारही इथेच करा. बेल्जियमच्या लोथर स्टायडलर यांच्या गटानं दह्याताकाच्या कुळातल्या लॅक्टोकॉकस जिवाणूत दाह शमवणारं इंटरल्युकिन-१० घातलं, तेव्हा ते जनुक थायमिडीन बनवणाऱ्या जनुकाच्या जागी बसवलं. बाहेर थायमिडीन मिळालं नाही की जिवाणू मरतो. हा जिवाणू क्रोन्स या आतड्याच्या दाहाच्या आजाराच्या दहा रुग्णांना दिल्याचा अहवाल २००६ साली आला. यीस्टसाठीही अशी वेसण सुरुवातीलाच आखा, शेवटी जोडायला जाऊ नका.

माणसांवरच्या चाचणीचा निर्णय प्रयोगशाळेचा नाही. तो औषध नियंत्रकाच्या परवानगीनं, औषधाच्या दर्जाच्या कारखान्यात बनवलेल्या मालावर आणि रुग्णाच्या लेखी संमतीनंच होतो. प्रयोगशाळेत बनवलेलं यीस्ट, कितीही निरुपद्रवी वाटलं तरी, स्वतः चाखू नका आणि कोणाला देऊ नका. वापरलेलं प्रत्येक माध्यम, प्लेट आणि नळी १२१ अंशांवर अर्धा तास ऑटोक्लेव्ह करूनच टाका.

यीस्टनं बनवलेली औषधं आपल्याला नवी नाहीत. हेपॅटायटिस बीची यीस्टमध्ये बनवलेली लस अमेरिकेत १९८६ साली आली. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं १९९७ साली तशीच लस भारतात स्वस्तात आणली. त्या कामात यीस्ट कारखान्यात राहिलं आणि फक्त शुद्ध केलेलं प्रथिन रुग्णापर्यंत गेलं. इथे यीस्टच रुग्णाच्या पोटात जाणार आहे, त्यामुळे पुराव्याची अपेक्षाही तितकीच वाढते. हे काम हाती घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला कळकळीची विनंती: रिकाम्या कॅसेटचं यीस्ट प्रत्येक प्रयोगात ठेवा, न जमलेल्या प्रयोगाचे आकडेही वहीत लिहा, आणि कृत्रिम पोटाची चाचणी पार केल्याशिवाय आपल्या यीस्टला औषध म्हणू नका.